पेवाच्या तोंडावरचा माणूस

दर तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन कुंपणाच्या वर आलं की करवत्या बायकोच्या काखेखालून दोर घ्यायचा आणि तिच्या छातीवर गाठ मारायचा. गाठ मारताना त्याचे हात कापायचे.

"थंडी मरणाची पडलीय," तो म्हणायचा.

"बत्तीस वर्षं ओंडके उचललेत, तेव्हा नाही वाजली ती. आता बायकोला बांधताना वाजायला लागली होय?" असं म्हणून ती हसत शिडीवर पाय टाकायची.

थंडी पडलेली असायचीच, पण हात थंडीमुळं कापत नव्हते. करवत्याला भीती वाटायची. आणि ती कुणापाशी बोलायची सोय नव्हती, कारण तिच्याआधी दुसरीच गोष्ट कबूल करावी लागली असती. करवत्याला ऐकू येत नव्हतं.

आता ऐकू न येणं हा काही गुन्हा नव्हे. लाकडाच्या गिरणीत गोल करवतीपाशी ज्यानं उभी हयात काढली, त्याचे कान जायचेच. करवत्या हे नावसुद्धा त्याला गिरणीनंच दिलं. पण ज्याचे कान गेले त्यानं पेवाच्या तोंडावर उभं राहू नये. तिथं उभं राहणाऱ्याला दुसरं काही कामच नसतं. नुसतं ऐकायचं.

पेव घराच्या मागं, परसाच्या टोकाला होतं. दोन पुरुष खोल, तोंड एका माणसापुरतं आणि पोट घागरीसारखं फुगलेलं. आत भिंतीला कोरलेले कोनाडे, कोनाड्यांत वाळू, आणि वाळूत उन्हाळा-पावसाळ्याची सगळी कमाई निजवलेली. एका अंगाला बटाटे, दुसऱ्या अंगाला गाजरं, बीट, सलगम, आणि तळाशी दगडांवर कोबीचे गड्डे. वर फळ्यांचं झाकण, झाकणावर गोणपाटं, गोणपाटांवर पेंढा. तोंडावर लाकडी तिवई रोवलेली, तिला कप्पी. हवा जायला बाजूनं मातीचा एक नळ सोडलेला होता, पण कडाका वाढला की भिंगरी त्याला चिंध्यांचा बोळा घालायची, नाहीतर नळातून गारठा उतरून गाजरं गोठायची. गोठलेलं गाजर उबेला आणलं की लिबलिबीत होतं, शेळीही तोंड लावत नाही.

भिंगरी म्हणजे करवत्याची बायको. लग्न होऊन आली त्याच वर्षी लोकांनी तिचं हे नाव पाडलं, आणि चौसष्टाव्या वर्षीही त्यात बदल करायची कुणाला गरज वाटली नाही. उजाडलं की ती दोन बादल्या घेऊन टेकडीवरच्या झऱ्यावर जायची. घरात नळ होता, पण नळाच्या पाण्याला चढण नाही, अशी तिची तक्रार. मग लाकडं फोडायची, खताचा ढीग वरखाली करायची, आणि दुपारी टोपलीत चार बिटं घालून पाऊण तासावरच्या शेजारणीकडं जायची. शेजारणीला बीट आवडत नाही हे तिला ठाऊक होतं.

"तुमचे गुडघे दुखत नाहीत का हो?" शेजारीण विचारायची.

"कुरकुरतात की. बसून कुरकुरण्यापेक्षा चालता चालता कुरकुरू देत."

खाण्याच्या बाबतीत तर ती फारच कडक. आपल्या जमिनीतून निघेल ते, निघेल त्या दिवसांत खायचं, आणि थंडीत पेवातलं. ऐन थंडीत टोमॅटो खाणारा माणूस तिला कामचुकार वाटायचा. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेला बटाटा, बिटाचं लालभडक कालवण, सलगमाच्या फोडी, रोज हेच उलटसुलट. पण थंडी सरत आल्यावर कोबीची काळी पडलेली वरची पानं सोलून आतला पांढराशुभ्र गड्डा हातात आला की ती असा चेहरा करायची, जसा सोनार पुडी उघडताना करतो.

त्यांची एकुलती लेक शहरात दातांच्या डॉक्टरकडं कामाला होती. ती आली की पहिल्या दिवशी लाड आणि दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं.

"आई, किती दिवस त्या बिळात उतरणार आहेस? आमच्याकडं चला दोघं. बारा महिने सगळं मिळतं तिथं."

"बारा महिने मिळतं म्हणून तर कशाला चव नाही तुमच्याकडं."

"आणि काही झालं तर?"

"वर तुझे बाबा आहेत ना."

तेव्हा करवत्या त्यांच्या समोर बसून कुऱ्हाडीच्या दांड्याला तेल लावत होता. एवढं वाक्य त्यानं बायकोच्या ओठांवरून बरोबर उचललं, आणि त्यानंतर बराच वेळ तो तेल एकाच जागी चोळत बसला.

कारण पेव काय करतं ते त्यानं पाहिलं होतं.

सव्वीस वर्षांपूर्वी परसात दुसरं पेव होतं. भिंगरीचा धाकटा भाऊ, म्हणजे करवत्याचा मेहुणा, चार दिवसांसाठी आला होता. मोठा गमत्या माणूस. "ताई, आज मी उतरतो, तू चहा टाक," म्हणाला आणि कंदील घेऊन उतरलासुद्धा. बऱ्याच दिवसांनी उघडलेलं पेव. कोपऱ्यात बटाटे सडलेले असणार. बंद पेवात सडकं-कुजकं साचलं की तिथली हवा मरते. तिला वास येईलच असं नाही, रंग तर नाहीच. माणूस त्यात उभा असतो आणि पुढच्या क्षणाला नसतो. म्हणून आत उतरलेल्यानं बोलत राहायचं आणि वरच्यानं ऐकत राहायचं, एवढा रिवाज तेव्हाही होता. मेहुण्याला बोलायला सांगावंच लागत नसे. खालून त्याचा किस्सा चालू होता, कुण्या न्हाव्याचा आणि एका जाडजूड बाईचा.

"तर दाजी, तो न्हावी वस्तरा खाली ठेवतो आणि त्या बाईला म्हणतो..."

आणि तो थांबला.

करवत्या वर दोर धरून उभा होता, तोंडभर हसू आणून. गमत्या माणूस शेवटचं वाक्य ओठांवर धरून ठेवतो, ऐकणाऱ्याला ताणतो. करवत्या तेवढा वेळ थांबला. मग आणखी थोडा थांबला. मग त्यानं वाकून पाहिलं तर खाली उजेड नव्हता.

त्यानं एकट्यानं ओढून काढलं त्याला. मान कलंडलेली, हातात गाजर घट्ट धरलेलं. तो न्हावी काय म्हणाला हे कुणालाच कधी कळलं नाही.

ते पेव दगडमातीनं बुजवलं. सहा वर्षं घरात पेव नव्हतं. सातव्या वर्षी भिंगरीनं कुदळ काढली. "त्यानं माझा भाऊ नेला, म्हणून थंडीत काय माती खायची?" ती म्हणाली. खणलं तिनंच बरंचसं. करवत्यानं तोंडावरची तिवई केली, पण आत पाय टाकणार नाही असं बजावलं. तिनं तेव्हाच नेम घालून दिला. आधी झाकण काढून अर्धा तास पेव मोकळं ठेवायचं. मग दोराला घोंगडं बांधून वरखाली फिरवायचं, हवा हलली पाहिजे. मग कंदील सोडायचा, ज्योत टिकली तरच उतरायचं. उतरल्यापासून वर येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं नाही. वरच्यानं मधूनमधून "हं" म्हणायचं. आणि खालचा आवाज तीन श्वास थांबला की विचार करायचा नाही, ओढायचं.

ती आत उतरली की गावभर बोलायची. कुणाची सून कशी, पोस्टमन कसा चुकीच्या घरी पत्रं टाकतो, लेकीचा नवरा जेवताना मोबाइल कसा बघतो. आणि करवत्या वरून "हं" म्हणायचा. कित्येक वर्षं हे सुरळीत चाललं.

मग आधी पाखरं गेली. करवत्याला वाटलं, पाखरं कमी झाली असतील हल्ली. मग भांड्यावरच्या झाकणाचा खडखडाट गेला. मग बायको पाठीमागून बोलली तर नुसता घुमल्यासारखा आवाज यायला लागला, आणि गेल्या वर्षीच्या थंडीत तोही विरत चालला. समोर असली की ओठांवरून भागायचं. बाहेरच्यांत तो आधीच रागावून घ्यायचा. "ओरडू नका हो, बहिरा नाही मी!" असं दरडावलं की समोरचा बिचारा आवाज आणखी खाली आणायचा आणि करवत्याला काहीच कळायचं नाही. तो मान डोलवायचा.

पेवात मात्र ओठ दिसत नाहीत.

सांगायचं त्यानं दहादा ठरवलं. पण सांगितलं तर काय होणार हे त्याला दिसत होतं. लेक येणार, पेवावर माती पडणार, दोघांची रवानगी शहरात, तिसऱ्या मजल्यावर. आणि भिंगरी त्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीपाशी बसलेली. बसलेली भिंगरी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. म्हणून तो गप्प राहिला. कंदिलाचा पिवळा उजेड भिंतीवर हलतोय ना, तेवढं बघायचं. दोर तळहातात धरून त्यातली थरथर ओळखायची. आणि अंदाजानं म्हणायचं, "हं."

प्रत्येक वेळी तिचं डोकं पेवाच्या तोंडातून वर आलं की करवत्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ जायचा. ऐन गारठ्यात.

या वर्षी थंडीच्या सुरुवातीला लेक एक वस्तू घेऊन आली. कपाळाला बांधायची बॅटरी. भिंगरी तर हरखूनच गेली. दोन्ही हात मोकळे, उजेड कसा दुधासारखा.

"कंदीलच ने," करवत्या म्हणाला.

"का म्हणून?"

"सवय आहे."

"कुणाची? तुमची की माझी? उतरतं कोण?"

"अगं पण कंदील... कंदील बरा असतो."

"अहो, आधी सोडतेच की मी कंदील, ज्योत बघायला. बघून झाली की घेते वर. मग त्याला काय आत कडेवर घेऊन फिरू?"

कंदील विझला तर मला कळतं, असं सांगावं तर ती विचारणार, आणि मी बोलायची थांबले तर नाही कळत? बॅटरीला हवेशी देणंघेणं नाही. ती मेलेल्या माणसाच्या कपाळावरही जळत राहील. हा विचार त्याच्या डोक्यात एकदा शिरला तो निघेचना. आता पेवात वाकून पाहिलं की तो पांढरा उजेड दिसायचा, आणि तो स्थिर झाला की करवत्या आणखी खाली वाकायचा. ती बटाटे निवडत असेल? की पडली असेल? मग उजेड हलायचा. मग तो म्हणायचा, "हं."

ऐन कडाक्यात, आठ दिवस पेवाच्या नळाला बोळा घातलेला असताना, एके दिवशी सकाळी ती नेहमीसारखी उतरली. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला. करवत्यानं उजेडावर डोळा ठेवला, दोर चाचपला, थोड्या थोड्या वेळानं हुंकार दिला. एकदा तर तिला बरं वाटावं म्हणून मोठ्यानं हसलाही. ती लेकीच्या नवऱ्याबद्दल बोलत असेल असा त्याचा अंदाज होता.

ती वर आली. टोपली खाली ठेवली. दोर सोडला. त्याच्याकडं बघितलं आणि घरात निघून गेली.

दुपारपर्यंत ती कामातच होती. बिटं चिरली, चूल पेटवली, ताट वाढलं. करवत्या तिच्या ओठांकडं बघत होता आणि ओठ हलत नव्हते. शेवटी ती उठून बरोबर त्याच्या समोर येऊन बसली, उजेड तोंडावर येईल अशी, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "आज मी पेवात काय काय बोलले?"

"काय काय... नेहमीचंच."

"म्हणजे काय?"

"बटाट्यांना कोंब फुटलेत म्हणालीस."

"आणखी?"

"जावयाचं काहीतरी."

"तुम्ही हसलात त्यावर."

"हं."

"मी एक अक्षर बोलले नाही," भिंगरी म्हणाली.

करवत्यानं हातातला घास ताटात परत ठेवला.

"मागच्या खेपेला खालून तीनदा सांगितलं, वाळूचं घमेलं सोडा म्हणून. तीनदा तुम्ही 'हं' म्हणालात आणि घमेलं काही आलं नाही. म्हटलं, बघू तरी. आज उतरले आणि तोंड मिटून खाली दगडावर बसले. तीन श्वास झाले. दहा झाले. वरून आपलं 'हं'. थोड्या वेळानं परत 'हं'. पंधरा वेळा मोजले मी. आणि मग तुम्ही हसलात. अहो, माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, मी मेलेय आणि हे वर मेलेल्या बाईशी गप्पा मारतायत."

तिचे ओठ थरथरत होते, त्यामुळं शेवटचे काही शब्द त्याला नीट लागले नाहीत. पण अर्थ लागला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"गेल्या वर्षी थोडं यायचं. या वर्षी नाही."

ती मनाशी हिशेब करताना त्याला दिसत होती. दर तिसऱ्या दिवशी एकदा. दोन महिने झाले होते.

"म्हणजे वीसेक वेळा मी एकटीच उतरले."

"दोर होता माझ्या हातात."

"माझ्या भावाच्या वेळीही होता."

करवत्यानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "बुजवून टाकू पेव. लेकीला कळवू."

"आणि आतलं?"

"सडू दे."

"सडू दे?" आता मात्र ती उसळली. "मार्गशीर्ष-पौष काही म्हणा, अजून दोन-अडीच महिने थंडी जायची नाही. तेवढ्या दिवसांचं भरलंय मी. पाठ मोडून भरलंय. ते सडायला ठेवून तिसऱ्या मजल्यावर जाऊन प्लॅस्टिकच्या पिशवीतले वाटाणे खाऊ? माझे कान चांगले आहेत. तुमचे पाय चांगले आहेत. उद्या-परवा तुम्ही उतरायचं. मी वर थांबते."

करवत्यानं हे वाचलं. चुकीचं वाचलं असेल म्हणून तिच्याकडं पाहत राहिला. तिनं परत सांगितलं.

"मला नाही जमणार."

"का?"

"मला भीती वाटते."

"मला वाटत नव्हती असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

चाळीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट त्यानं तिला कधी विचारली नव्हती, आणि तिनंही कधी बोलून दाखवली नव्हती.

पुढचे दोन दिवस करवत्यानं इतकी लाकडं फोडली की दुसऱ्या वर्षालाही पुरावीत. जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं पेवापाशी आली. भिंगरीनं झाकण काढलं, अर्धा तास पेव मोकळं ठेवलं, घोंगडं फिरवलं. कंदील सोडला. ज्योत जरा लवली, पण टिकली. तिनं त्याच्या काखेखालून दोर घेतला, गाठ मारली, पसंत पडली नाही म्हणून सोडून परत मारली. दोराचं दुसरं टोक कप्पीवरून घेऊन तिनं आपल्या मनगटाला गुंडाळलं. मग त्याच्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "बोलत राहायचं. मला ऐकू आलं की मी एकदा दोर हलवीन. जोराचा हिसका दिला तर बोलायचं. दोनदा हलवला तर वर यायचं. गाजरं, सलगम आणि तळातला कोबी. कळलं?"

"बॅटरी नको. कंदील घेतो."

"घ्या. आता तुम्ही उतरताय."

पहिल्या पायरीपर्यंत ऊन होतं. चौथ्या पायरीला गुडघे गार पडले. माती, वाळू, मुळांचा गोडसर वास. सव्वीस वर्षांपूर्वीचाच वास. करवत्याचे पाय तळाला लागले तेव्हा त्याला वर एक वाटोळं आभाळ दिसलं, ताटाएवढं, आणि त्यात भिंगरीचं डोकं.

दोराला जोराचा हिसका बसला. बोला.

पण बोलायचं काय? जन्मभर त्यानं हं म्हटलं होतं. बोलायचं खातं घरात तिच्याकडं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि आतून काही येईना. दुसरा हिसका.

"हे... हे बटाटे," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला हाडांतून कळला, कानांतून नाही. "बटाटे चांगले आहेत. हे गाजर. हे पण गाजर. हे गाजर वाकडं आहे."

दोर हलला. ऐकू येतंय.

"आणखी एक गाजर. हे सलगम. अगं, गिरणीत मला पहिल्यांदा कळलं. करवत बंद पडली होती आणि मी लाकूड पुढं ढकलतच होतो. सगळे हसायला लागले. मला वाटलं, करवत चालूच आहे. कानात तिचाच आवाज भरलेला."

दोर हलला, पण जरा उशिरानं.

"तुला सांगणार होतो. मग म्हटलं, राहू दे. मग थंडी आली. मग रोजच म्हटलं, उद्या सांगू. हे दोन सलगम. तू वर यायचीस ना, तेव्हा मी आधी तुझ्या तोंडाकडं बघायचो, निळं पडलंय का. तुला वाटायचं, प्रेमानं बघतो."

बोलता बोलता तो कोबीसाठी वाकला. कंदील त्यानं तळातल्या दगडावर ठेवला होता. त्याच्या डोळ्यांसमोर ज्योत लहान झाली. आधी नखाएवढी, मग डाळीच्या दाण्याएवढी, आणि निळी. करवत्या तिच्याकडं बघत राहिला. बघता बघता त्याच्या ध्यानातून गेलं की आपण बोलायचं आहे.

एक श्वास झाला असेल. दुसरा नाही.

छातीवरच्या गाठीनं त्याला असं उचललं की टोपली हातातून सुटली आणि सलगम भिंतींवर आदळत खाली गेले. टेकडीवर रोज दोन बादल्या नेणारे हात होते ते. पाय आपोआप शिडीला लागले, गुडघा सोलला, डोकं कडेवर आपटलं, आणि तो उन्हात पेंढ्यावर पालथा पडला. भिंगरी मागं रेलून दोराला लोंबकळत होती, टाचा जमिनीत रुतलेल्या, चेहरा चुन्यासारखा.

"बोलायचं थांबलात का?" ती ओरडत होती. करवत्याला ते शब्द दिसले. "का थांबलात? जीव घेता का माझा?"

"ज्योत बसली," तो म्हणाला. "खाली वाकलो तर ज्योत बसली."

दोघांनी मिळून पेवात डोकावलं. खाली काळोख होता. कंदील विझला होता.

भिंगरी नळापाशी गेली, चिंध्यांचा बोळा उपसून काढला आणि लांब भिरकावला. दोघांनी घोंगडं दोराला बांधलं आणि आळीपाळीनं पेवात फिरवत राहिली, बराच वेळ, अंगं गरम होईपर्यंत. अजून एक तास पेव उघडंच ठेवलं. त्या वेळात तिनं त्याच्या गुडघ्याला हळद लावली. हळद लावताना तिनं एकदा त्याच्या डोक्यावर टपली मारली, चांगली जोरात, आणि मग तिथंच हात ठेवून राहिली.

नवा कंदील सोडला. तळाच्या दगडापर्यंत नेला, तिथं शंभर आकडे मोजेपर्यंत ठेवला. ज्योत सरळ उभी होती.

करवत्याला वाटलं होतं, आज एवढं पुरे म्हणेल ती. त्यानं तिच्याकडं आशेनं पाहिलं. तिनं त्याच्या रिकाम्या हातांकडं बोट दाखवलं, मग खाली पेवाकडं.

"टोपली खाली राहिलीय," तिचे ओठ म्हणाले. "आणि कोबी तर काढलाच नाही तुम्ही."

ती गाठ तपासायला वाकली. विषय काही सुचत नव्हता, म्हणून करवत्यानं करवतीच्या दातांना धार कशी लावतात तिथपासून सुरू केलं. पहिल्या पायरीवर पाय टेकायच्या आधीच तो बोलायला लागला होता.